आवाज येतो, चित्र नाही? टीव्ही भंगारात काढण्याआधी हे वाचा

टीव्ही लावला, बातम्या ऐकू येतात, पण पडदा काळाच. ‘पॅनल गेलं, आता नवा टीव्ही’ असं लगेच ठरवू नका. एलईडी टीव्हीत ही तक्रार नेहमीची आहे, आणि बऱ्याचदा पॅनल शाबूत असतं. गेलेली असते ती त्यामागची बॅकलाइट.

हे घरीच तपासता येतं. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ जरा तिरका धरा. पुसट, हलतं चित्र दिसलं, तर पॅनल आपलं काम करतंय, त्याला फक्त मागून उजेड मिळत नाही. हा उजेड पट्ट्यांवरच्या बारीक एलईडी देतात. त्या दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. एक गेली की अख्खी ओळ विझते. पट्ट्या बदलता येतात. बदलायच्याच तर सगळ्या एकदम बदला, कारण उरलेल्याही तेवढ्याच झिजलेल्या असतात. नंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वर न ठेवता ६०-७० वर आणा, पट्ट्या कमी तापतात. ओएलईडी टीव्हीला बॅकलाइट नसते, त्यामुळे ही चाचणी त्याला लागू नाही.

स्टँडबायचा लाल दिवाही लागत नसेल, तर त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का पाहा. दिवा लागतो पण टीव्ही सुरू होत नाही, असं असेल तर प्लग काढा, टीव्हीवरचं बटण ३० सेकंद दाबून ठेवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावा. रिमोटचा संशय असेल तर तो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. चालू रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात चमकताना दिसतो.

एवढं करून थांबा. मागचं झाकण कृपया उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही वेळ साठून राहू शकतो, आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. पॅनलही काचेचं असतं, पट्ट्यांपर्यंत पोचायला ते उचलावं लागतं आणि जरा वाकलं तरी तडकतं. तडकलेलं पॅनल आम्ही दुरुस्त करू शकत नाही. नवं घालायचं तर खर्च जवळजवळ नव्या टीव्हीइतका येतो.

पावसाळ्यात विजा कडाडू लागण्याआधीच प्लग काढा, सोबत डिशची किंवा केबलची वायरही. ती बहुतेक घरांत तशीच राहते.

फोन करताना मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि टॉर्चच्या उजेडात काय दिसलं, एवढं सांगा. योग्य मापाच्या पट्ट्या घेऊनच आम्ही येऊ.