घडीची कयाक: तळाला हायपालॉन की पीव्हीसी?

घडीची कयाक म्हणजे सांगाड्यावर कापडाचं आवरण चढवून जोडायची आणि काम झालं की घडी घालून ठेवायची अरुंद वल्हवायची होडी. तिच्या सांगाड्याबद्दल फारसा घोळ होत नाही. जर्मनीतल्या क्लेपर कंपनीची ‘एरियस’ असेल तर आत ॲश आणि बर्चचं लाकूड, कॅनडाची फेदरक्राफ्ट असेल तर ॲल्युमिनियमच्या नळ्या. खरा घोळ तळाच्या कापडाचा. हायपालॉन हे कृत्रिम रबर, पीव्हीसी हे प्लास्टिक; पण दोन्ही लेपांची कापडं जाडसर, पाणी न शिरणारी, हाताला रबरासारखी लागणारी. विकणारा दोन्हींना सरसकट ‘रबर’ म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. कोलाडला कुंडलिकेत उतरणारे राफ्ट किंवा पुराच्या वेळी दिसणाऱ्या फुगवायच्या बोटी यांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘हायपालॉन मजबूत, पीव्हीसी कच्चं’ असं सर्रास ऐकू येतं. पण ताण सोसतं ते मधलं पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं विणलेलं कापड. वरचा लेप पाणी अडवतो, ऊन आणि घर्षण झेलतो. त्यामुळे खडकावर घासण्याच्या बाबतीत चांगलं जाड पीव्हीसी मुळीच मागे पडत नाही. फरक पडतो तो कापड म्हातारं होताना आणि फाटल्यावर.

पीव्हीसी मुळात कडक. नळाचे पाइप त्याचेच असतात. त्याचं घडी घालता येईल असं कापड करायचं तर त्यात मऊपणा आणणारं तेलासारखं रसायन भरपूर मिसळावं लागतं. हे रसायन कापडात कायम राहत नाही. ऊन आणि उष्णतेने हळूहळू बाहेर पडतं. जुन्या स्कूटरच्या सीटचं रेक्झिन आठवा: तेही बहुतेक पीव्हीसीच, आणि ते आधी ताठ होतं, मग तडकतं. घडीची कयाक तर पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर दुमडली जाते. शिवाय थंडीत पीव्हीसी आखडतं, तेव्हा सांगाडा आत बसवताना चांगलाच घाम निघतो.

हायपालॉन हे ड्यूपाँट कंपनीचं व्यापारी नाव. पदार्थ क्लोरोसल्फोनेटेड पॉलिइथिलीन, म्हणजेच सीएसएम. त्याच्या रेणूंच्या मुख्य साखळीत ऊन आणि ओझोन यांना पकडायला कच्चा दुवा सापडत नाही, आणि लवचीकपणा मिसळलेल्या रसायनावर अवलंबून नसतो. म्हणून वर्षानुवर्षं घड्या पडूनही ते मऊ राहतं. ड्यूपाँटने २०१० मध्ये उत्पादन बंद केलं. सीएसएम आजही इतर कंपन्या बनवतात, बोलण्यात मात्र जुनंच नाव टिकून आहे. तेव्हा नव्या बोटीवर ‘हायपालॉन’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ सीएसएम असा घ्यायचा.

ओळखायचं कसं? सांधे बघा. पीव्हीसी उष्णतेने वितळतं, म्हणून त्याचे सांधे गरम हवेने वितळवून जोडता येतात. हायपालॉन व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे प्रक्रियेने रेणू एकमेकांना कायमचे जोडलेलं असतं, ते वितळत नाही. त्याचे सांधे गोंदानेच चिकटवावे लागतात. हायपालॉन सहसा निस्तेज दिसतं, पीव्हीसी जरा चकाकतं. कापडाची आतली बाजूही बघावी: हायपालॉनच्या कापडाला आतून बरेचदा निओप्रीन या दुसऱ्या कृत्रिम रबराचा लेप असतो, त्यामुळे दोन बाजूंचा रंग वेगळा दिसतो. तरी शंका उरलीच तर कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर घासावा. हायपालॉनची रबरी भुकटी निघते, पृष्ठभाग खरखरीत होतो. पीव्हीसी तितक्या सहज असं होत नाही.

ही ओळख पटवणं अत्यावश्यक का, तर गोंदासाठी. हायपालॉनला दोन भाग आयत्या वेळी मिसळून वापरायचा निओप्रीन गोंद लागतो, पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा. पीव्हीसीवर निओप्रीन गोंद लावला तर ठिगळ सुरुवातीला पक्कं वाटतं, पण कापडातलं ते मऊ करणारं रसायन गोंदात झिरपतं, गोंद चिकट लगद्यासारखा होतो आणि उन्हात ठिगळ सरकू लागतं. हायपालॉनचं ठिगळ लावताना बोटीचं कापड आणि ठिगळ दोन्ही घासून घ्यायची, गोंदाचे पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर जरा सुकू द्यायचा, मग रोलरने दाबून किमान एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. दमट हवेत दोन्ही गोंद दगा देतात, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने हे काम जुलैत काढू नये. आणि कापड चमकवायला सिलिकॉनचा स्प्रे कधीही मारू नका. त्यावर पुढे कुठलाच गोंद धरत नाही.

पीव्हीसी स्वस्त असतं. अधूनमधून बोट काढणाऱ्याने, ती सावलीत आणि सैल घडीत ठेवायची तयारी असेल तर, बिनधास्त घ्यावं. बोट महिनोन्‌महिने उन्हात जोडून ठेवायची असेल किंवा पुढच्या पिढीच्या हाती द्यायची असेल, तर माझा कौल हायपालॉनला, वजन आणि किंमत जास्त असूनही. दोन्हींचा समान शत्रू मात्र वाळू. ती सांगाड्याच्या कण्याच्या, म्हणजे तळाशी लांबीत जाणाऱ्या पट्टीखाली अडकते आणि प्रत्येक वल्ह्यागणिक कापड आतून खरवडते. घडी घालण्याआधी सांगाडा पूर्ण बाहेर काढून आवरण आतून धुवा, उलटं टांगा आणि शिवणींपर्यंत वाळू द्या.