रक्ताची गोळी आणि सकाळचा चहा

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत आशाताईने दिलेली लोहाची तांबडी गोळी अनेक घरांत सापडते. तायी कार्डाच्या, म्हणजे गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी कार्डाच्या पिशवीत, नाहीतर देवळीत. पोटात किती जातात हा वेगळा प्रश्न. ‘खाल्ली की मळमळतंय बघा’, ‘महिनाभर खाल्ल्या, एचबी हलायला तयार नाही’, ही उत्तरं ठरलेली. (एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन.) तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी, आतड्यात आहे.

आपल्या अंगात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. मेलेल्या पेशींतलं लोह शरीर टाकून देत नाही. रोज 20-25 मिलिग्रॅम तिथूनच परत वापरात येतं. बाहेरून आत येतं ते जेमतेम 1-2 मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही, म्हणून आत घेतानाच ते हात आखडतं.

हा आखडता हात म्हणजे हेप्सिडिन. यकृतात तयार होणारं हे संप्रेरक 2000 च्या सुमारास सापडलं. ते वाढलं की आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारी दारं बंद होतात. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या जशा ताटकळतात, तसं लोह पेशीतच अडकून राहतं. तीन-चार दिवसांत ती पेशीच झडते आणि तिच्याबरोबर लोहही शौचावाटे जातं. शी काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठही याच उरलेल्या लोहाची देणगी.

सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. एवढा डोस एकदम गेला की हेप्सिडिन वाढतं आणि दिवसभर तरी चढं राहतं. लोहाचा साठा कमी असलेल्या तरुणींवर स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी केलेले प्रयोग 2015 आणि 2017 साली प्रसिद्ध झाले. त्यांत दिसलं, की दिवसाआड घेतलेल्या गोळीतला मोठा वाटा अंगी लागतो. तोच डोस सकाळ-संध्याकाळ विभागून फारसा फायदा झाला नाही.

पण तेवढ्यावरून गरोदर बाईने मनानेच दिवसाआड सुरू करू नये. वाटा वाढला तरी गोळ्यांची संख्या निम्मी होते, आणि तिच्याकडे वेळ कमी असतो. सरकारी कार्यक्रमात तिला चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक गोळी आहे, बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. एचबी 11 च्या खाली असेल तर रोज दोन. पण मळमळीला कंटाळून जिने गोळ्या पूर्ण सोडल्यात, तिने दिवसाआडचं डॉक्टरांना जरूर विचारावं. माझ्या मते हा प्रश्न आपण फार कमी विचारतो.

आता चहा. वखारीत किंवा शेतात कामाला जाणारी बाई सकाळी चहाबरोबरच गोळी गिळते, म्हणजे लक्षात राहते. नेमकं तेच नको. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. दूध आणि कॅल्शियमची गोळीही शोषण कमी करते. मध्ये दोनेक तासांचं अंतर हवं. लिंबूपाणी, पेरू, आवळा चालेल, उलट मदतच होईल. रिकाम्या पोटी गोळी जास्त लागू पडते, पण सोसत नसेल तर खुशाल जेवणानंतर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल एवढंच.

आणि गूळ. आपल्याकडच्या गुळाच्या चवीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण 10 ग्रॅमच्या खड्यात लोह फार तर 1 मिलिग्रॅम, त्यातलंही थोडंच अंगी लागणार. एचबी 8 वर आलेल्या बाईला गूळ-शेंगदाणे खाऊन बरं वाटेल, तेवढ्याने तिचं रक्त भरणार नाही.

नीट घेतलेल्या गोळ्यांनी महिन्याभरात एचबी 1 ते 2 ने वाढतो. 12 झाला की बायका गोळ्या बंद करतात. खरं तर रिकामा साठा तेव्हा कुठे भरायला लागतो, म्हणून पुढेही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात.

महिनाभर नेमाने घेऊनही फरक नसेल तर कारण शोधावं लागतं: पाळीत जास्त रक्त जाणं, अनवाणी पायांतून शिरलेले हुककृमी, बी-12 ची कमतरता, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा अंश. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे पाहायलाच हवं. गोळी सोसतच नाही किंवा बाळंतपण जवळ आलंय, अशा वेळी शिरेतून लोह देता येतं. त्याची गोळीशी तुलना करणारी एक मोठी चाचणी कर्नाटक आणि राजस्थानात झाली. एचबी 7 ते 9.9 असलेल्या चार हजारांवर गरोदर बायका त्यात होत्या, आणि कर्नाटकातलं काम बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजकडे होतं.