चिरा देण्याआधीचा तास

ऑपरेशन पार पडलं की घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, अँटिबायोटिक किती दिवस चालू ठेवायचं?" त्यामागची काळजी खरी असते. जखम पिकली तर दुखणं लांबतं, टाके उसवतात, कधी पुन्हा थिएटरमध्ये जावं लागतं, आणि अशक्त रुग्णाच्या ते जिवावरही बेतू शकतं. पण हा प्रश्न विचारला जातो तोवर जखम पिकणार की नीट भरणार, याचा बराचसा निकाल लागून गेलेला असतो. चिरा देण्याआधीच्या तासाभरात आणि ऑपरेशन चालू असताना काय काय केलं गेलं, यावर तो अवलंबून असतो.

जखमेत शिरणारे जंतू येतात कुठून? आपला पहिला संशय हॉस्पिटलवर जातो आणि काही वेळा तो बरोबरही असतो. मात्र बहुतेक वेळा हे जंतू रुग्णाचे स्वतःचेच असतात, त्याच्या त्वचेवरचे, नाकातले, आतड्यातले. जखमा पिकवण्यात सर्वांत पुढे असलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात मुक्कामाला असतो. त्वचा अखंड असते तोवर त्याचा काही उपद्रव नसतो. चिरा दिला की ती तटबंदी फुटते. त्वचेवर कितीही चांगलं औषध लावलं तरी ती पूर्णपणे निर्जंतुक करता येत नाही, कारण केसांच्या मुळांशी आणि ग्रंथींमध्ये दडलेले जंतू उरतातच. म्हणजे थोडेफार जंतू प्रत्येक जखमेत पोचतात. तरीही बहुतेक जखमा पिकत नाहीत, कारण शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. शरीराला हे काम जड कशानं होतं, हा खरा कळीचा प्रश्न आहे.

याचं एक फार बोलकं उत्तर १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी दिलं. त्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस मोजून टोचला. नुसते जंतू टोचले तर पू व्हायला ते दहा लाखांहून जास्त लागत. पण तिथे रेशमी धाग्याचा एक टाका असेल, तर काहीशे जंतूही पुरत. धाग्याच्या आधाराने जंतूंना पांढऱ्या पेशींपासून लपता येतं. साकळलेलं रक्त, चिरडलेल्या आणि मृत झालेल्या पेशी, बसवलेला कृत्रिम सांधा किंवा जाळी यांचाही त्यांना असाच आसरा मिळतो. म्हणून शल्यविशारदाचा हात किती हलका आहे, रक्तस्राव त्याने किती नीट थांबवला, चिमट्यात ऊती किती कमी चिरडल्या, या गोष्टी संसर्ग रोखण्याचाच भाग आहेत. रुग्णाला त्या कधीच दिसत नाहीत.

जंतूंना जखमेबाहेर ठेवण्याचा इतिहास फार जुना नाही. १८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून जाऊन त्याचं हाड मोडलं होतं आणि वर जखम उघडी होती. असा पाय त्या काळी बहुधा कापावाच लागे. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्ट्या जखमेवर बांधल्या. पाय वाचला आणि मुलगा चालत घरी गेला. पुढच्या काही दशकांत वाफेनं निर्जंतुक केलेली अवजारं, रबरी हातमोजे आणि तोंडावरचा मास्क आला. आजच्या थिएटरची घडी तेव्हापासूनची आहे.

अँटिबायोटिक आल्यावर मात्र घोटाळा झाला. औषध प्रभावी आहे, तेव्हा ते जितके जास्त दिवस द्यावं तितकं बरं, अशी समजूत रूढ झाली. १९६१ साली जॉन बर्क यांनी गिनी पिगवर केलेले प्रयोग वेगळंच सांगत होते. जंतू त्वचेत जाण्याआधी किंवा जाताना औषध रक्तात असेल, तर जखम जवळजवळ पिकतच नसे. तेच औषध तीन तास उशिरा दिलं, तर न दिल्यासारखंच होई. १९९२ साली अमेरिकेतल्या २,८४७ रुग्णांच्या नोंदींतूनही वेळेचं हे महत्त्व दिसलं. चिरा देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण ०.६ टक्के होतं. त्याहून फार आधी मिळालेल्यांमध्ये ते ३.८ टक्के होतं आणि चिऱ्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांमध्ये ३.३ टक्के.

असं का होतं, हे जखमेत डोकावलं तर कळतं. चिरा पडताच कडेच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि जागोजागी रक्त साकळतं. त्या गुठळीत अडकलेल्या जंतूपर्यंत नंतर रक्तच नीट पोचत नाही, मग रक्तातलं औषध कुठून पोचणार? गुठळी तयार होतानाच तिच्यात औषध असावं लागतं. याच कारणामुळे सेफाझोलिनसारखं अँटिबायोटिक साधारणपणे चिऱ्याच्या आधी तासाभरात शिरेतून देतात. ऑपरेशन चार तासांवर लांबलं किंवा रक्त फार गेलं, तर मध्येच आणखी एक डोस देतात. जखम शिवून झाल्यावर, केवळ खबरदारी म्हणून हे औषध चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. लांबवलेल्या औषधाने जखमेचं काही भलं होत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू पोसले जातात. ही गोष्ट अर्थात प्रतिबंधक डोसाची. अपेंडिक्स फुटून पोटात आधीच पू झाला असेल, तर तिथलं अँटिबायोटिक हा उपचार असतो आणि तो डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावाच लागतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे शरीराची ऊब. थिएटर थंड असतं, रुग्णाच्या अंगावर कपडे जेमतेम असतात आणि भूल दिल्यावर शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा मंदावते. आतली ऊब हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासातच शरीर अंशभराने थंड होऊ शकतं. मग त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला मिळणारा ऑक्सिजन घटतो. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात खऱ्या, पण त्यांना मारायला लागणारी रसायनं बनवण्यासाठी त्यांना ऑक्सिजनच लागतो. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवर याची चाचणी झाली. ज्यांना ऊबदार ठेवलं होतं त्यांच्यात जखम पिकण्याचं प्रमाण ६ टक्के होतं. ज्यांचं तापमान घसरू दिलं होतं त्यांच्यात ते १९ टक्के होतं. दोन गटांतला फरक होता जेमतेम दोन अंश सेल्सिअसचा. गरम हवेचं पांघरूण आणि कोमट केलेलं सलाइन एवढ्याने हे साधतं. भूलतज्ज्ञ तापमानाच्या आकड्यावर नजर ठेवून असतात, ते यासाठी.

केसांचंही तसंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या जागेवर रेझर फिरवणं म्हणजे स्वच्छता, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. रेझरने डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. १९७१ सालच्या एका अभ्यासात रेझर वापरलेल्यांमध्ये ५.६ टक्के जखमा पिकल्या, तर केस न काढलेल्यांमध्ये किंवा क्रीमने काढलेल्यांमध्ये ०.६ टक्के. आता केस आड येत नसतील तर ते काढूच नयेत आणि काढायचेच असतील तर ट्रिमरने काढावेत, असा नियम आहे. घरी स्वतः रेझर फिरवून ऑपरेशनला जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

रुग्णाच्या हातात आणखीही थोडं असतं. चार आठवडे आधी धूम्रपान थांबवलं, तर जखमेला मिळणारा ऑक्सिजन सुधारतो. रक्तातली साखर चढलेली असेल तर पांढऱ्या पेशी सुस्तावतात, त्यामुळे ती आधीच आटोक्यात आणावी. ऑपरेशनच्या ताणाने मधुमेह नसलेल्यांचीही साखर वाढते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ऑपरेशनआधी साबणाने आंघोळ करावी.

त्वचेवर कोणतं औषध लावावं, यावर अजून एकमत नाही. २०१० सालच्या एका चाचणीत अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक पोव्हिडोन आयोडीन या दुसऱ्या जंतुनाशकापेक्षा सरस ठरलं. २०२१ साली कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत दोघांत फरक दिसला नाही. औषध कोणतंही असो, ते आपोआप वाळू देणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जंतू मरायला वेळ लागतो आणि ओल्या अल्कोहोलवर विद्युत उपकरणाची ठिणगी पडली तर आग लागू शकते. २०२२ साली भारतासह सात देशांतल्या १३,३०१ रुग्णांवरच्या चाचणीने आणखी एक साधी युक्ती पुढे आणली. पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि नवी निर्जंतुक अवजारं घ्यायची. एवढ्याने संसर्गाचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं.

संसर्ग अनेकदा घरी परतल्यावर दिसू लागतो. म्हणून ऑपरेशननंतर ३० दिवस, आणि कृत्रिम सांधा वगैरे बसवला असेल तर ९० दिवस लक्ष ठेवतात. पहिले एक-दोन दिवस टाक्यांच्या कडेला थोडी लाली असणं स्वाभाविक आहे. ती रोज पसरत गेली, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, पू किंवा दुर्गंधी आली, ताप आला, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच त्याच दिवशी जखम दाखवावी. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन वाट पाहू नये. साठलेल्या पुवात औषध नीट शिरत नाही. एखाददुसरा टाका मोकळा करून पू बाहेर काढला, की त्वचेजवळच्या अनेक जखमा अँटिबायोटिकशिवायही भरून येतात.