रिटर्न भरला म्हणजे कर भरला का?

मराठीत फॉर्म भरतात, पैसेही भरतात. सगळा घोळ या एका ‘भरण्या’तून झालाय.

परवा गल्लीतल्या एका काकूंनी मला हाक मारून थांबवलं. "रिटर्न भरल्यावर गृहलक्ष्मीचे पैसे बंद होत्यात म्हणे, खरं काय रे?" गृहलक्ष्मी म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला दर महिन्याला पैसे देतं ती योजना. काका टेम्पो चालवतात. गाडीच्या कर्जासाठी बँकेनं मागच्या वर्षांचे रिटर्न मागितले होते, ते ऑडिटरनं भरून दिले. कर किती बसला, तर शून्य. पण घरात ‘आयटी’ (इन्कम टॅक्स) हा शब्द शिरला आणि काकूंच्या पोटात गोळा आला.

रिटर्न म्हणजे हिशेबाचा कागद: वर्षात इतकं मिळवलं, त्यावर इतका कर होतो किंवा होत नाही. कर म्हणजे खिशातून तिजोरीत गेलेले पैसे. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत उत्पन्न 4 लाखांवर गेलं की रिटर्न सक्तीचा, पण 12 लाखांपर्यंत सवलत मिळून कर शून्य होतो (शेअर किंवा जागा विकून झालेला नफा वगैरे सोडून). मधल्या पट्ट्यातले बहुतेक लोक रिटर्नवाले आहेत, करवाले नाहीत. त्याखाली कमावणारेही कर्जासाठी किंवा आधीच कापून घेतलेला कर (टीडीएस) परत मिळवायला रिटर्न भरतातच.

आता योजनांचे नियम बघू. पीएम किसानमधून मागच्या कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर प्रत्यक्ष भरलेले लोक वगळले जातात. तिथं शब्द साफ आहे. गृहलक्ष्मीचे महिन्याला 2,000 रुपये ऑगस्ट 2023 पासून सुरू झाले. तेव्हा महिला-बालकल्याण खातं सांभाळणाऱ्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर आपल्या बेळगाव ग्रामीणच्याच. या योजनेतून बाद कोण? जिचा स्वतःचा किंवा नवऱ्याचा प्राप्तिकर भरला जातो ती, किंवा दोघांपैकी कुणी जीएसटी रिटर्न भरत असेल तर ती. सावकाश वाचा. प्राप्तिकराला ‘कर भरणारे’, जीएसटीला ‘रिटर्न भरणारे’. एका ओळीत दोन मापं!

सीमाभागाची खरी गोची या दुसऱ्या मापात आहे. कर्नाटकात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेल्याशिवाय जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला, तर हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडून पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. समजा, निपाणीतलं एखादं जोडपं घरी मसाला कुटून विकतं. तोच मसाला त्यांनी जवळपास दीडशे किलोमीटरवरच्या धारवाडला धाडला, तर नोंदणी नको. अर्ध्या तासावरच्या, पण महाराष्ट्रातल्या कागलला दुकानात पोचवला, तर हवी. छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कंपोझिशन योजनाही राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला मिळत नाही. मग रिटर्न सुरू होतात. विक्री झाली नाही तरी शून्याचा रिटर्न, आणि तो चुकला तर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क. जीएसटी तर गिऱ्हाइकाकडून घेऊन पुढं द्यायचा असतो, त्यावरून घरातली चूल कशी पेटते ते कळत नाही. तरी त्या घरातली गृहलक्ष्मी गेली. ज्यांचे पाहुणे, बाजार, गिऱ्हाईक सगळं पलीकडं, त्यांना ही रेघ किती महागात पडते, ते बेंगळूरुत बसून दिसत नसावं.

आता अथणी, रायबाग, चिकोडीकडं चला. तिथं एखाद्याचा चाळीस एकर ऊस आहे, दुसरं उत्पन्न नाही. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त, म्हणून कर नाही, रिटर्नही नाही. उसावर जीएसटी नाही. गृहलक्ष्मीला एपीएल (दारिद्र्यरेषेवरचं) रेशन कार्डही चालतं, त्यामुळं त्या घरचे 2,000 सुरक्षित. ऊसवाल्यांवर माझा राग नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊसदरासाठी रस्त्यात बसलेले शेतकरी मजेसाठी बसले नव्हते, आणि त्यांतले सगळे काही चाळीस एकरवाले नव्हते. पण चाळीस एकरांचा धनी आणि मसाला कुटणारी बाई यांच्यात सधन कोण, हे ठरवायला कागद हे माप चुकीचंच आहे.

तिसरी जात उरते: रिटर्न न भरता कर भरणारे. निपाणीत विड्या वळणारी बाई मोबाईल रिचार्ज करते तेव्हा 18 टक्के जीएसटी देते. टूथपेस्टवर 22 सप्टेंबर 2025 च्या आधी 18 देत होती, आता 5 देते. साखर कारखान्याचा मालकही त्याच रिचार्जवर तेवढाच टक्का देतो. त्यामुळं ‘आमच्या टॅक्सवर यांचं फुकट’ असं एसटीत कुणी म्हणालं, की ‘आमच्या’मध्ये तीही बाई धरायची, हे मी हल्ली तोंडावर सांगतो. भांडणं होतात.

काकूंना मी रिटर्नच्या पोचपावतीची प्रिंट काढून दिली. ‘नेट टॅक्स पेयेबल’समोरच्या शून्याला पेनानं गोल केला आणि सांगितलं, हे दाखवा, नुसतं ‘रिटर्न भरलाय’ म्हणू नका. त्या सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या पोरानं पावती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "म्हणजे भरलाय की नाही भरलाय?"