लाळ आटते तेव्हा

कर्करोग बराच पुढे गेलेल्या रुग्णाला काय त्रास होतो असे विचारले, तर तो वेदना, थकवा, धाप यांविषयी सांगतो. तोंडाला सतत कोरड पडते, ही गोष्ट मात्र मुद्दाम विचारल्याखेरीज बहुधा बाहेर येत नाही. एवढ्या मोठ्या आजारात एवढीशी तक्रार काय करायची, असे त्याला वाटते. घरच्यांना दिसते ते इतकेच, की माणूस दोन घास खातो आणि ताट सरकवतो. मग आग्रह होतो, रुसवे-फुगवे होतात आणि ‘मनावर घेतले तर खाता येईल’ असेही कोणीतरी बोलून जाते. प्रत्यक्षात अडचण पुष्कळदा मनात नसून तोंडात असते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी हे काम करतात. लाळेत सुमारे ९९ टक्के पाणीच असते, पण उरलेल्या एका टक्क्यात तोंड बुळबुळीत ठेवणारी म्युसिन नावाची प्रथिने, आम्लाचा जोर मोडणारे बायकार्बोनेट, पिष्टाचे पचन सुरू करणारे विकर आणि जंतू व बुरशी यांना आवर घालणारी द्रव्ये असतात. लाळ आटली म्हणजे ही सगळी कामे एकदमच थांबतात. कोरडे बिस्किट तोंडात भुश्यासारखे फिरत राहते, जीभ टाळूला चिकटते, बोलताना शब्द अडखळतात; कवळी तर लाळेच्या पातळ थरावरच हिरडीला धरून बसलेली असते, त्यामुळे तीही सैल होते. झोपेत लाळ जवळजवळ बंदच असते, म्हणून रात्री मध्येच घसा सुकून जाग येणे ही या रुग्णांची नेहमीची तक्रार असते.

कोरड पडण्याचे कारण क्वचितच एक असते. डोके किंवा मान यांवर रेडिएशन दिले असेल, तर लालाग्रंथींनाच इजा झालेली असते. कानांपुढच्या ग्रंथी पातळ, पाण्यासारखी लाळ बनवतात आणि त्या किरणांपुढे विशेष नाजूक ठरतात. त्यामुळे पातळ लाळ आधी आटते आणि मागे राहते ती घट्ट, तार धरणारी. ती गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. नव्या पद्धतीच्या रेडिएशनमध्ये या ग्रंथींना शक्य तितके वाचवता येते. मात्र ज्यांच्या डोक्या-मानेला किरणांचा स्पर्शही झालेला नाही, अशा रुग्णांतही कोरड सर्रास आढळते, आणि तिथे बोट दाखवावे लागते ते औषधांकडे. वेदनेसाठी मॉर्फिन, उलटीवरच्या काही गोळ्या, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलीन, लघवी वाढवणारी औषधे, अशी यादी लांबत जाते. एकेक गोळी थोडीशीच लाळ कमी करते, पण त्यांची बेरीज मोठी होते. त्यात तोंडाने श्वास घेणे, ऑक्सिजन लावलेला असणे आणि पाणी कमी पिणे यांची भर पडते.

चवीचे गणित याच कोरडेपणाशी बांधलेले आहे. पदार्थातील रेणू लाळेत विरघळल्याशिवाय रुचिकलिकांपर्यंत पोहोचतच नाहीत; पुसून कोरड्या केलेल्या जिभेवर साखरेचा कण ठेवला, तर ओल सुटेपर्यंत गोडी कळत नाही. शिवाय रुचिकलिकांतील पेशी साधारण दहा दिवसांत बदलत राहतात. केमोथेरपीचा रोख भराभर विभागणाऱ्या पेशींवर असतो आणि त्या तडाख्यात या पेशींची नवी पिढी घडवणाऱ्या पेशीही सापडतात. काही औषधांनंतर तोंडात गंजलेले लोखंड चघळल्यासारखी चव येते, काहींना मांस कडू लागते, काहींना गोड नकोसे होते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर घशामागून नाकात जाणारा वास असतो. तो बिघडला की जीभ धड असूनही अन्न मातीसारखे लागते.

इथे मेंदूचाही एक हिशेब आहे. इलीन बर्नस्टीन या संशोधिकेने १९७८ मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी वेगळ्याच चवीचे आइस्क्रीम दिले, आणि पुढे त्या मुलांनी तेच आइस्क्रीम टाळल्याचे दिसून आले. मळमळ औषधाची होती, पण दोष आइस्क्रीमच्या माथी लागला. म्हणूनच आवडीचा पदार्थ केमोथेरपीच्या दिवशी कौतुकाने खाऊ घालणे हे त्या पदार्थावरच अन्याय करण्यासारखे आहे.

उपायांची सुरुवात औषधांच्या यादीपासून व्हावी: कोणती गोळी आता गरजेची राहिलेली नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. जिभेवर पांढरे, खरवडून निघणारे थर असतील किंवा तोंड लाल होऊन आग होत असेल, तर बुरशीची लागण झालेली असू शकते. लाळ कमी असलेल्या तोंडात ती सहज वाढते; औषधाने ती आटोक्यात येते आणि पुष्कळदा तिच्यासोबत गेलेली चवही काही अंशी परतते. साखर नसलेले च्युइंग गम उरलेल्या ग्रंथींना चालना देते. पायलोकार्पिन हे औषधही तेच करते, पण घाम फार येतो आणि दमा किंवा काचबिंदू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ग्रंथी पूर्ण निकामी झाल्या असतील, तर कृत्रिम लाळेचा फवारा किंवा जेल एवढाच आधार उरतो, आणि त्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही. लिंबाच्या आंबट गोळ्या चघळून पाणी सुटते खरे, पण लाळेचे कवच नसलेल्या दातांना ते आम्ल झिजवते. चव बदलण्यावर जस्ताच्या गोळ्यांचा बराच बोलबाला आहे. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा अन्न गरमऐवजी कोमट किंवा थंड देणे, म्हणजे वासाचा भपकारा कमी होतो, आणि धातूची चव येत असल्यास लोखंडी चमच्याऐवजी प्लॅस्टिकचा वापरणे, हे साधे बदल करून पाहायला काहीच हरकत नाही.

अखेरच्या दिवसांत रुग्ण तोंड उघडे ठेवून श्वास घेतो आणि ओठ कोरडे दिसले की नातेवाईक सलाइन लावण्याचा आग्रह धरतात. शिरेतून दिलेल्या पाण्याने तोंड ओले होत नाही. तोंडाची कोरड ही बहुतांशी तोंडातच भागवावी लागते. डोके थोडे उंच आणि एका कुशीवर ठेवावे, साध्या पाण्यात बुडवून पिळलेला मऊ स्पंज आधी गालांच्या आतून, मग हिरड्यांवरून आणि शेवटी जिभेवरून हळूच फिरवावा, ओठांना पातळ मलम लावावे, आणि रुग्णाला बरे वाटते तितक्या वेळा, अगदी तासातासाने, हे पुन्हा करावे.