हिरव्या दिव्याआधीचा अर्धा सेकंद

ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवर शेजारी-शेजारी सुटणाऱ्या दोन गाड्यांच्या शर्यतीत, ठरलेले अंतर कमी वेळात कापणारी गाडी हरू शकते. वाचताना काहीतरी चुकल्यासारखे वाटते, पण वेळ कशी मोजतात ते कळले की पटते. हौशी स्पर्धांत पहिल्याच राउंडला बाहेर पडणाऱ्यांमध्ये असे हरलेले नेहमी भेटतात. गाडी समोरच्यापेक्षा पळणारी, तिच्यावर महिनोन् महिने मेहनत केलेली, आणि तरी जेवणाच्या आधीच ती टेम्पोत चढवायची वेळ येते.

गोव्यात कायमस्वरूपी ड्रॅग स्ट्रिप नाही. त्यामुळे इथल्या मुलांना घाट चढून महाराष्ट्रातली एखादी धावपट्टी गाठावी लागते. डिचोलीतला माझा एक जुना विद्यार्थी असाच मोटरसायकल घेऊन गेला आणि पहिल्या राउंडला हरून आला. गॅरेजमधल्या बाकावर त्याची टाइम स्लिप, म्हणजे शर्यतीतल्या वेळांची चिठ्ठी, ठेवली होती, ग्रीसचे बोट लागलेली. फिटरने निदान आधीच करून टाकले होते. "सर, पिकअप कमी पडला. एक्झॉस्ट बदलूया, ईसीयू रीमॅप करूया." म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची जुळणी बदलायची.

स्लिप मात्र वेगळेच सांगत होती. मुलाचा रिॲक्शन टाइम, म्हणजे हिरवा दिवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ, ०.४३८ सेकंद आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कापायला लागलेला वेळ १३.९२० सेकंद. समोरच्याचे आकडे होते ०.११६ आणि १४.१५०. म्हणजे आमच्या मुलाची गाडी ०.२३ सेकंदांनी वेगवान. पण जिंकतो तो शेवटच्या रेषेवर आधी पोहोचणारा, आणि त्यासाठी दोन्ही आकड्यांची बेरीज करावी लागते. इकडे १४.३५८, तिकडे १४.२६६. फरक ०.०९२ सेकंदांचा. ताशी दीडशेच्या आसपास धावणाऱ्या मोटरसायकलीसाठी हे अंतर जेमतेम चार मीटर होते.

हे दोन आकडे वेगळे का, ते समजायला सुरुवातीच्या रेषेजवळ जाऊ. तिथे जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण लेन आडवे छेदून जातात, एकमेकांपासून सुमारे १८ सेंटिमीटरवर. पुढचे चाक पहिल्या किरणात आले की दिव्यांच्या खांबावरचा सर्वांत वरचा छोटा दिवा लागतो, दुसऱ्या किरणात आले की त्याखालचा. याला स्टेज होणे म्हणतात. मग तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वरून खाली पेटत येतात आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. चाक हिरव्याच्या आधी किरणातून बाहेर पडले तर लाल, आणि लाल म्हणजे शर्यत तिथेच संपली. या खांबाला ख्रिसमस ट्री म्हणतात. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिच्या स्पर्धांत हा खांब १९६३ मध्ये आला. त्याआधी एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा.

आता खरी गोम. ४०२ मीटरचे घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. ते सुरू होते चाक दुसऱ्या किरणातून सुटल्यावर. हिरवा लागल्यावर तुम्ही पाच सेकंद नुसते बसून राहिलात आणि मग झकास सुटलात, तरी तो आकडा तेवढाच झकास येईल. बसून घालवलेले पाच सेकंद रिॲक्शन टाइमच्या रकान्यात जातील. नव्या मुलांची नजर ४०२ मीटरच्या आकड्यावरच खिळलेली असते, कारण मित्रांना सांगायचा तो आकडा. सरावाच्या फेऱ्यांत रिॲक्शन टाइमने काही बिघडत नाही. बिघडते ते पहिल्या राउंडला, जेव्हा शेजारच्या लेनमध्ये प्रथमच कुणीतरी हरवायला उभा असतो.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "तू बघत कशाला होतास?"

"हिरव्याला, सर. रेड लाइट पडला तर सगळंच गेलं ना."

०.४३८ हा आकडा नेमका तसे करणाऱ्याचाच असतो. दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत तरण्याताठ्या माणसालाही साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडल्यावर तिथल्या पेशींत रासायनिक क्रिया होऊन संदेश तयार व्हायलाच सेकंदाचे काही शतांश जातात. मग मेंदूचा मागचा भाग, तिथून हालचाल ठरवणारा भाग, मग मज्जारज्जू, मग क्लचवरची बोटे. मज्जातंतूतून संदेश क्षणार्धात धावतो अशी एकेकाळी समजूत होती. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला तीसेक मीटरच भरला. माणसाच्या हाताच्या मज्जातंतूत तो याच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणजे मानेपासून बोटापर्यंतच्या वाटेवर फारसा वेळ जात नाही. जास्तीत जास्त वेळ खातात डोळा आणि मेंदू. त्यानंतर क्लच धरायला, टायरने जमीन पकडायला आणि चाक किरणाबाहेर पडायला आणखी ०.२५ ते ०.३ सेकंद. सगळे मिळून अर्धा सेकंद, थोडे कमी-जास्त.

शेवटच्या पिवळ्यापासून हिरव्यापर्यंतचे अंतरही अर्ध्या सेकंदाचेच आहे. म्हणून अनुभवी स्पर्धक हिरव्याची वाटच पाहत नाही. तिसरा पिवळा पेटला की तो क्लच सोडतो. त्याचे डोळे, मेंदू, बोटे आणि गाडी आपापला वेळ घेतात, आणि चाक किरणाबाहेर पडते तेव्हा हिरवा नुकताच लागलेला असतो. समोरच्या स्पर्धकाचा ०.११६ असाच आलेला आहे.

शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत असे जमत नाही. तिथे 'सेट' आणि बंदुकीचा आवाज यांमधला वेळ दर वेळी वेगळा असतो, आणि आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत पाय हलला तर तो अंदाजाने हलला असे मानून स्टार्ट चुकीचा ठरवतात. ड्रॅग रेसमध्ये मात्र दिव्यांमधले अंतर पक्के आहे. पहिले दोन पिवळे तिसऱ्याची वेळ सांगूनच ठेवतात, आणि इशारा नेमका केव्हा येणार हे ठाऊक असले की माणसाची प्रतिक्रिया लवकर होते. मानसशास्त्रातले हे जुने, पुन्हा पुन्हा तपासलेले निरीक्षण आहे. गोव्याच्या माणसाला ते समजावून सांगायला नको. एका हाताने एक ताल आणि दुसऱ्याने दुसरा धरून समेवर अचूक येणाऱ्या लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांची ही भूमी. तबलजी सम ऐकून मग थाप मारत नाही. सम कुठे येणार हे आधीच्या मात्रांनी त्याच्या हाताला सांगितलेले असते. तिसरा पिवळा ही सुटणाऱ्याची सम आहे.

मग लाल दिव्याची भीती? ती खोटी नाही, तिच्यामागेही शरीरशास्त्र आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी पायाने बटण दाबायचे होते. कॉम्प्युटर त्यांच्या मेंदूतले विद्युत संकेत वाचून त्यांचा बेत ओळखायचा आणि ऐन वेळी थांबण्याचा दिवा लावायचा. हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधीपर्यंत दिवा लागला तर लोक स्वतःला आवरू शकत होते. त्यानंतर नाही, पाय हलायचाच. म्हणजे क्लच सोडायचे एकदा ठरले की सेकंदाच्या शेवटच्या पाचव्या हिश्श्यात माघार नसते. नवखा हे न शिकताही ओळखतो, म्हणून खात्रीच्या दिव्यापर्यंत थांबून राहतो. त्याला भित्रा म्हणणे मला पटत नाही. त्याला वेळेचा अंदाज घेण्याइतका सराव मिळालेला नसतो, एवढेच.

रिॲक्शन टाइमचा आकडा निव्वळ माणसाचा नसतो, हेही लक्षात ठेवायला हवे. दुसरा दिवा लागताच थांबलात, तर चाकाला किरणाबाहेर पडायला साधारण ३० सेंटिमीटर पुढे जावे लागते. तेवढे अंतर, सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद वेग वाढतो असे धरले, तर ०.३५ सेकंदात कापले जाते. तुम्ही १५ सेंटिमीटर आणखी पुढे सरकून उभे राहिलात, तर ०.२५ सेकंद पुरतात. वीतभरही नसलेल्या या सरकण्याने रिॲक्शन टाइम दशांश सेकंदाने सुधारला. पण ४०२ मीटरचे घड्याळ आता गाडीला कमी वेग असतानाच सुरू झाले, त्यामुळे तो आकडा जवळजवळ तेवढाच वाढतो. बेरजेत फरक पडतो तीन-चार सहस्रांश सेकंदांचा. म्हणून दोन स्पर्धकांच्या रिॲक्शन टाइमची नुसती तुलना करून कुणाची बोटे मंद आहेत हे सांगता येत नाही. ते कुठे उभे होते, हेही विचारायला हवे.

आता फिटरच्या निदानाकडे. मुलाने सुरुवातीला ०.३२२ सेकंद गमावले. ते इंजिनाने भरून काढायचे तर किती ताकद लागेल? ठरावीक ताकदीची गाडी ठरावीक अंतर कापते तेव्हा लागणारा वेळ वजन भागिले ताकद या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. घनमूळ आले की फायदा आटतो: ताकद एक टक्का वाढवली तर वेळ एक तृतीयांश टक्काच कमी होतो. १३.९२ सेकंदांतून ०.३२ काढायचे म्हणजे वेळ २.३ टक्क्यांनी कमी करायचा, आणि त्यासाठी ताकद सात टक्क्यांनी वाढवायची. चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीत जवळपास तीन हॉर्सपॉवर. नवा एक्झॉस्ट, फिल्टर आणि रीमॅप यांतून तेवढी मिळेलही, पण खिसा रिकामा करून. तिसऱ्या पिवळ्यावर सुटायला पैसा लागत नाही.

दुसरे कारण नेहमी ऐकू येते ते हवेचे. त्यात तथ्य आहे, पण इथे ते लागू पडत नाही. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता, म्हणजे आपला पावसाळ्याआधीचा उकाडा, अशा हवेत इंजिनाला मिळणारा प्राणवायू १५ अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के कमी असतो. हवा गरम होऊन विरळ होते, आणि पाण्याची वाफ प्राणवायूची जागा अडवते. घाटावर सहाशे मीटर उंचीवर गेलात तर हवेचा दाबच सात टक्क्यांनी घटतो. समुद्रसपाटीला जुळवलेला कार्ब्युरेटर तिथे पेट्रोल जास्त देतो आणि गाडी घुसमटते. इंजेक्शनची गाडी मिश्रण स्वतः सांभाळते. आमच्या मुलाची गाडी इंजेक्शनची होती. शिवाय शेजारच्या लेनमधली गाडी तीच हवा ओढत होती.

सुटल्यानंतरच्या पहिल्या साठ फुटांत, म्हणजे १८ मीटरांत, बरेच काही घडते. त्यातले एक सांगतो. साध्या मोटरसायकलीवर गाडी आणि स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून जेवढा वर, साधारण तेवढाच मागच्या चाकाच्या टेकणीपासून पुढे असतो. त्यामुळे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतके होऊ लागले की पुढचे चाक उचलते, मग इंजिनात कितीही दम असो. व्यावसायिक ड्रॅग बाइक लांब आणि बुटक्या असतात त्या यासाठी. आपल्या रस्त्यावरच्या गाडीला हा उपाय नाही. स्वाराने छाती टाकीवर टेकवायची आणि क्लच एकदम न सोडता सरकवत सोडायचा.

बाद फेरीच्या गणितात सहानुभूती नसते. सोळा जण उतरले तर आठ पहिल्या राउंडलाच घरी जाणार. समजा, एखादा इतका चांगला आहे की कुणाहीविरुद्ध दहांपैकी सहा शर्यती जिंकेल. तरी तो दहांपैकी चार स्पर्धांत पहिल्याच राउंडला हरेल, आणि चारही राउंड जिंकून करंडक आणण्याची त्याची शक्यता फक्त तेरा टक्के. एका पराभवावरून गाडी उघडायला घेणे म्हणूनच मला घाईचे वाटते.

सरावासाठी रस्त्यावर जाऊ नका, हे मी प्रत्येक मुलाला सांगतो आणि इथेही सांगतो. रात्री रिकाम्या दिसणाऱ्या हायवेवर गुरे असतात, कामावरून परतणारी माणसे असतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. गोव्याच्या रस्त्यांवर अपघातात गेलेली तरुण मुले मी वर्गात शिकवलेली आहेत. सुदैवाने जे शिकायचे आहे त्याला रस्ताच लागत नाही. दिव्यांचा हा क्रम दाखवणारी सराव-यंत्रे मिळतात, मोबाइलवर ॲपही असतात. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, डावा हात क्लचवर, नजर फक्त तिसऱ्या पिवळ्यावर. वरचे दोन दिवे नजरेच्या कडेला असू द्यायचे. प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहायचा आणि सर्वांत चांगल्या आकड्यापेक्षा आकड्यांची पांगापांग किती आहे ते पाहायचे. एकदा ०.०१ आणि एकदा ०.२० येणाऱ्यापेक्षा दर वेळी ०.०८ ते ०.११ मध्ये राहणारा बरा, कारण त्याला किती सेंटिमीटर पुढे-मागे उभे राहायचे ते ठरवता येते. आमच्या मुलाने वही घातली आहे. एक्झॉस्टचे पैसे सध्या त्याने बाजूला ठेवलेत आणि फिटरही रोज संध्याकाळी त्याच्याकडून आकडे मागून घेतो.