चार-पाच वर्षांचा गिनीपिग घरी येतो तेव्हा

बारावीचे निकाल लागले की बेळगावातली पोरं पुण्याला, बेंगळुरूला, हुबळीला शिकायला निघतात. आठवीत असताना हट्टानं आणलेला गिनीपिग मागे उरतो. आईवडिलांना त्याचं करणं झेपत नाही, मग शहापूर, टिळकवाडी नाहीतर खानापूर-निपाणीकडच्या कुणा ओळखीच्या घरी त्याची सोय होते. नव्या घरात पहिला प्रश्न येतो, "वय झालंय, आता जगून जगून किती जगणार?"

नीट सांभाळला तर गिनीपिग साधारण 5 ते 8 वर्षं जगतो. चार वर्षांच्या जनावरापुढे अजून बरंच आयुष्य असतं. मला काळजी वाटते ती वेगळीच. तो सुस्त झाला, लंगडू लागला, केस गळू लागले, खाणं कमी झालं की सगळं म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं जातं. त्यातलं बरंचसं म्हातारपण नसतं, आजार असतो, आणि असे बरेच आजार बरे होतात किंवा आटोक्यात राहतात.

लंगडण्याचंच घ्या. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही, त्यासाठी लागणारं एक विकर (एन्झाइम) दोघांकडेही चालत नाही. 1907 साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे संशोधक बेरीबेरी या आहारातल्या उणिवेनं होणाऱ्या रोगाचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि बेरीबेरीऐवजी त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा रोग, झाला. खलाशांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा हा रोग प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागला तो या प्राण्यामुळे. स्कर्व्हीत सांधे सुजतात, दुखतात, जनावर हलायला नको म्हणतं, अंगावरचे केस राठ होतात. बघणाऱ्याला तो संधिवात वाटतो. वयस्क गिनीपिगना खरा संधिवातही होतो, पण आधी आहार तपासायला हवा.

रोजची गरज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाची असते. मध्यम आकाराच्या ढबू मिरचीचा पाव भाग दिला तरी निरोगी गिनीपिगचं भागतं. जोडीला थोडी कोथिंबीर, कधीतरी पेरूची फोड. पेरूत साखर असते म्हणून फोड लहानच असावी. पेलेटच्या, म्हणजे विकत मिळणाऱ्या गोळीखाद्याच्या, पिशवीवर 'व्हिटॅमिन सी' छापलेलं असलं तरी साठवणीत ते घटत जातं. पिशवी फोडून दोन-तीन महिने झाले असतील तर त्या छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. पाण्यात थेंब टाकणं मला पटत नाही. उजेडात आणि पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर निकामी होतं, शिवाय चव बदलली की जनावर पाणीच कमी पितं.

दुसरी गोष्ट दातांची. गिनीपिगचे वीसही दात जन्मभर वाढत असतात, आणि ते झिजतात लांब तंतूचं गवत तासन्‌तास चघळल्यानं. नुसत्या पेलेटवर आणि काकडीवर वाढलेल्या गिनीपिगच्या खालच्या दाढा आत कलतात आणि जिभेवर कमान धरतात. मग तो भुकेनं वाटीकडे धावतो, तुकडा उचलतो, तोंडात घोळवतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली दिसते. पुढचे दात मात्र पाहणाऱ्याला ठीक वाटतात. दाढा डॉक्टरांनी आत उजेड टाकूनच बघाव्या लागतात.

गवताचा प्रश्न आपल्याकडे अवघड नाही, पण निवडून घ्यावं लागतं. भाताच्या पेंढ्यात पोषण फार कमी. गंजीच्या तळाचं, बुरशीचा वास येणारं गवत नकोच. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती त्यामुळेच, तेव्हा तीही नको. हिरवी हराळी स्वच्छ धुऊन, निथळून दिलेली चांगली. लसूणघास पौष्टिक असली तरी कॅल्शियम जास्त. मोठ्या वयात ती रोज दिली तर मूतखड्याला आमंत्रण. लघवी करताना तो कण्हत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर थांबू नये.

माद्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आमच्या शहापुरातल्या एका काकूंकडे पाच वर्षांची मादी आली. तिच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेले होते, जणू कुणी मापून भादरले. शेजारपाजारचे म्हणाले, "वयानं गळतात हो." डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि सोनोग्राफी करून घेतली, तर अंडाशयात सिस्ट, म्हणजे पाण्यानं भरलेली गाठ. मोठ्या वयाच्या माद्यांमध्ये हा आजार फार आढळतो. त्यावर संप्रेरकाचं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. आधीच्या घरी ती नरासोबत होती का, हेही विचारून घ्या. मोठ्या वयात पहिलटकरीण झालेल्या मादीची ओटीची हाडं नीट विलग होत नाहीत आणि बाळंतपण जिवावर बेतू शकतं.

गिनीपिग शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या स्वभावातच आहे. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे सगळ्यात उपयोगी साधन. काट्यावर पसरट डबा ठेवायचा, आत कोथिंबिरीची काडी टाकायची, आकडा वहीत लिहायचा. पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून एकदा. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतातच. वजन सलग उतरत चाललं तर मात्र डॉक्टर गाठा. रात्रभर काहीच खाल्लं नसेल आणि लेंड्याही नसतील तर "बघू उद्यापर्यंत" म्हणू नका. त्याचं आतडं सतत भरतं राहावं लागतं, बारा तासांच्या उपासानंही ते मंदावतं, गॅस धरतो.

आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशींत आणि कुत्र्यांत मुरलेले आहेत, गिनीपिग त्यांच्याकडे क्वचित येतो. म्हणून एक गोष्ट आपण स्वतःहून, नम्रपणे सांगावी: पेनिसिलिन गटातली औषधं, म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिनसुद्धा, तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि काही दिवसांत जनावर जातं. घरात मुलांसाठी आणलेलं अँटिबायोटिक सिरप चमचाभर पाजणं तर अजिबात नको.

हवामानाचं म्हणाल तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर असल्यानं वर्षातला बराच काळ त्याला मानवतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास जातो, तेव्हा शहाबादी फरशीचा गार तुकडा आणि वाळ्याचा ओला पडदा लागतो. पावसाळा जास्त त्रासाचा. ओल धरलेल्या बिछान्यात गजकर्ण होतं आणि ते माणसालाही लागतं. अंग खाजवून खाजवून जखमा झाल्या तर ती खरूज समजून डॉक्टरांकडे न्या.

नवं घर अंगवळणी पडायला वयस्क जनावराला वेळ लागतो. जुन्या घरचं गवत, तेच पेलेट आणि न धुतलेला एखादा बिछान्याचा तुकडा सोबत मागून घ्या, ओळखीचा वास त्याला धीर देतो. लपायला दोन दारांचं खोकं हवं, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, समोरून, खालून न्या. पिंजरा सोप्यात किंवा परसात ठेवण्यापेक्षा आतल्या खोलीत बरा. गणपतीची मिरवणूक, शिवजयंतीचे चित्ररथ, दिवाळीचे फटाके यांच्या दिवसांत तर नक्कीच.

आणि सोबत. जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट झाखसर यांच्या गटानं दाखवलं की अनोळखी जागी जिवाभावाचा जोडीदार जवळ असेल तर गिनीपिगच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी चढतं. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्यानं मनाई आहे. जोडीदार गेलेल्या वयस्क गिनीपिगला म्हणूनच दुसरा आणावा, पण ससा नको. सशाच्या श्वसनमार्गातला बॉर्डेटेला जिवाणू सशाला फारसा त्रास देत नाही, गिनीपिगला मात्र न्यूमोनिया होतो. नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं, मग दोघांच्याही ओळखीच्या नसलेल्या जागी गवताचा ढीग मध्ये ठेवून समोरासमोर सोडावं. गुरगुर आणि पाठलाग चालायचाच. दात कडकडवत एकमेकांवर झेप घेऊ लागले तर मध्ये टॉवेल टाका, हात घालू नका.